उंबरमाळची फुंकणी

उजवा हात बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवा बघू. हं, तिथंच. आता कल्पना करा, तुमच्या तळहाताखाली एक कारखाना चालू आहे. त्याला रविवार नाही, भोंगा नाही, जेवणाची सुट्टी नाही. रक्तातून जो माल येईल तो तिथं उतरतो. चांगला असेल तर साठवायचा, विषारी असेल तर तोडून-मोडून बाहेर टाकायचा. या कारखान्याचं नाव यकृत, आणि तिथल्या कामगारांना म्हणतात एन्झाइम.

हात काढलात तरी चालेल, कल्पना मात्र सोडू नका. अजून थोडं पुढं जायचंय. तुम्ही मोठे व्हाल, तुम्हाला तुमच्याएवढी मुलं होतील, तेव्हाचं साल धरा. आणि कोल्हापूर जिल्ह्यात, हुपरीच्या पट्ट्यात, उंबरमाळ नावाचं गाव आहे असं समजा. गावात घरटी एक तरी माणूस चांदीच्या कामात. पैंजणांच्या साखळ्या यंत्रावर विणल्या जातात, आणि यंत्रातून निघताना त्या तेलानं माखलेल्या असतात. ते तेल काढायला साखळ्या एका द्रवात बुडवून काढायच्या. द्रव पाण्यासारखा दिसतो, वास मात्र गोडसर. बायका त्याला ‘गोडं पाणी’ म्हणत. कारखान्याच्या धुणीखोलीत बारा बायका दिवसभर हेच काम करत. त्यातली एक पूनम चौगुले. तिची मुलगी शर्वरी सहावीत होती. वडील ट्रकवर, पंधरा दिवसांनी एकदा घरी.

तर, नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पूनम न्हाणीच्या दाराशी उभी राहून पेनाएवढ्या एका यंत्रात फुंकत होती. यंत्रावर तांबडा दिवा लागला. तिनं ते झटकलं, पुसलं, पुन्हा फुंकलं. पुन्हा तांबडा.

“शरू,” तिनं हाक मारली, “हिकडं ये. ह्यात फुंक जरा.”

“मी? ही तुझी फुंकणी हाय न्हवं?”

“त्याला काय कळतंय कोण फुंकतंय ते! फुंक, मला उशीर व्हायलाय.”

शर्वरीनं फुंकलं. हिरवा. पूनमनं तिच्या गालाचा मुका घेतला आणि चपला घालून निघून गेली. शर्वरी मात्र दारातच उभी राहिली. आईनं आजवर तिला परीक्षेत बाजूच्या मुलीच्या वहीत डोकावूही दिलं नव्हतं, आणि आज तीच म्हणाली होती, माझ्या जागी तू फुंक.

आता ही फुंकणी काय होती ते सांगतो.

शेंगदाण्याचं तेल फार दिवस उघडं राहिलं की खवट होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. हवेतला प्राणवायू तेलाला लागतो आणि तेलाचा एक कण बिघडतो. बिघडलेला कण शेजारच्याला बिघडवतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि अशी रांगच लागते. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ पिशवीत असते आणि ती पिशवी बरीचशी तेलाचीच, म्हणजे स्निग्ध पदार्थांची असते. तीही अशीच खवट होऊ शकते.

यकृतात एक कामगार आहे. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, आपण त्याला ‘फोड्या’ म्हणू. दारू, रंगाचं थिनर, आपलं ते गोडं पाणी, असली द्रव्यं फोडणं त्याचं काम. पण फोड्या धसमुसळा आहे. काम करताना त्याच्या हातून ठिणग्या उडतात, म्हणजे प्राणवायूचे चिडलेले कण. या ठिणग्या पेशीच्या पिशवीवर पडल्या की खवटपणाची रांग सुरू. आणि गंमत अशी, की जितकं काम येईल तितके फोड्याचे भाऊबंद यकृत वाढवत नेतं. जास्त फोडे, जास्त ठिणग्या.

इथं येतं ‘ई’ जीवनसत्त्व. ते पिशवीच्या तेलातच मुक्काम ठोकून असतं. बिघडलेला कण शेजाऱ्याकडं वळला की हे मध्ये पडतं, स्वतःजवळचा हायड्रोजनचा एक अणू त्याला देऊन टाकतं आणि रांग तिथंच तुटते. शेंगदाण्यात, करडईच्या तेलात, हिरव्या भाजीत ते थोडं थोडं असतंच.

पेशी खवट होताना एक वायू सुटतो. त्याचा किंचितसा अंश श्वासातून बाहेर पडतो, आणि फुंकणी तेवढाच मोजायची. शून्य ते शंभर आकडा. पस्तीसच्या आत हिरवा दिवा, साठच्या वर तांबडा, मधे पिवळा. बायकांनी तिचं नाव चुलीपुढच्या फुंकणीवरून ठेवलं होतं. पण खरी हुशारी तिच्या शेपटीत होती. आकडा वाढला की शेपटीतून ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या पडायच्या, आकडा खाली येईल इतक्याच. कमी लागल्या तर दोन, जास्त लागल्या तर चार, सहा. सकाळी घरी फुंकायचं, हिरवा दिवा घेऊन कामावर हजर, आणि पडलेल्या गोळ्या तिथं व्यवस्थापकांसमोर घ्यायच्या.

वाईट होतं का हे? अजिबात नाही. पहिल्या वर्षी बायकांची थकावट कमी झाली, जेवण जाऊ लागलं. मग कारखान्याचे व्यवस्थापक मगदूमसाहेब यांच्या मनात आलं, सगळ्यांचे दिवे हिरवेच आहेत, तर धुणीखोलीतले हवा ओढणारे पंखे कशाला? त्या पंख्यांनी चांदीची बारीक पूड उडून बाहेर जाते. चांदीच्या गावात फरशीवरचा केरसुद्धा गाळून त्यातली चांदी काढतात, तिथं हवेतनं चांदी जाऊ द्यायची? पंखे काढले. खिडक्यांना काच ठोकली. दिवे तरीही हिरवेच राहिले, कारण फुंकणी गोळ्या वाढवत गेली. सगळे दिव्याकडं बघत होते. गोळ्या कुणीच मोजत नव्हतं.

मग यंदा नवरात्रात दिवा तांबडा का झाला?

संध्याकाळी शर्वरीनं तेच विचारलं. पूनम साबुदाणा भिजत घालत होती.

“उपासानं,” ती म्हणाली. “मगदूमसाहेब म्हणाले. उपाशी पोटी ते यंत्र चुकतंय.”

“मग गोळ्या घेतल्यास की कमी व्हायला पायजे.”

 पूनमनं पातेल्यावर झाकण ठेवलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा ठेवलं.

“आई, गोळ्या घ्यायलीस न्हवं?”

“हळू बोल.” पूनमनं फळीवरचा एक डबा काढला आणि उघडला. आत मधाच्या रंगाच्या गोळ्या, एकमेकींना चिकटलेल्या. “घटस्थापनेदिवशी गोळ्यांचा नवा खोका आला. त्यावर तपकिरी ठिपका. मांसाहाराचा असतोय तो. गोळीचं कवच जनावराच्या हाडांपासनं करत्यात म्हणं. एरवी मी रस्सा वरपते, पण नऊ दिवस कसं तोंडात घालू? तोंडात धरायची, साहेब वळलं की पदरात.”

“मग साहेबांना सांग की!”

“कारखान्याच्या भिंतीवर काय लिवलंय वाचलंस? गोळी चुकवणारी बाई कामावरनं कमी. नऊ दिवसांचा तर प्रश्न हाय. तवर तू फुंक. कुणाचं काय जातंय?”

शर्वरी डब्याकडं बघत राहिली. तीन दिवसांत डबा अर्धा भरला होता.

“तुझं जातंय,” ती म्हणाली. “मी न्हाई फुंकणार.”

“काय म्हणालीस?”

“न्हाई फुंकणार उद्यापासनं.”

“लई शहाणी झालीस! माझं काम गेलं तर?”

“आणि तुला काय झालं तर?”

पूनमनं डबा बंद करून फळीवर मागं सरकवला.

चौथ्या दिवशी पूनमनं स्वतःच फुंकलं आणि तांबडा दिवा घेऊन कामावर गेली. साहेबांनी तिला आणि उपासाच्या आणखी पाच जणींना ओळीनं उभं करून उपासाच्या तोट्यांवर पाव तास ऐकवलं, आणि दिवाळीचा माल अडलेला म्हणून कामालाही बसवलं.

संध्याकाळी आई कामावरून आल्यावर शर्वरी तिची फुंकणी घेऊन गेली ती थेट शेजारच्या इंदूकाकूंकडं. काकू पापड लाटून विकायच्या, कारखान्याची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. उपास मात्र कडक, नुसत्या दुधावर आणि फळांवर.

“काकू, ह्यात फुंका.”

“काय गं हे? मी दारू प्याल्याचा संशय आला काय पोरी तुला?”

“फुंका की!”

काकूंनी फुंकलं. चोवीस. हिरवा. शर्वरीनं स्वतः फुंकलं. बारा.

चोवीस हे बाराच्या दुप्पट आहे, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. तिच्याही आलं. म्हणजे मगदूमसाहेब खोटं बोलत नव्हते. उपासात शरीर साठवलेली चरबी वापरतं, त्यातून काही द्रव्यं तयार होतात, आणि त्यांच्यामुळं यकृतात फोड्यांची संख्या खरोखरच वाढते. पण काकू उपास करूनही हिरव्या होत्या. मग आई तांबडी कशानं?

वर्गात मुगाचे दाणे उगवताना सरांनी एक गोष्ट पक्की करून घेतली होती. पाणी दिलेलं आणि न दिलेलं, उजेडातलं आणि अंधारातलं, अशा चार वाट्या मांडायच्या. नाहीतर रोप उजेडानं वाढलं की पाण्यानं, हे कधीच कळत नाही. शर्वरीनं वहीच्या पानावर चार घरं आखली. उपास आहे, काम आहे. उपास नाही, काम आहे. उपास आहे, काम नाही. उपासही नाही, कामही नाही. आणि एका माणसाचा आकडा चुकू शकतो, म्हणून प्रत्येक घरात तीन माणसं.

तीन घरं सोपी होती; उपासाच्या कामवाल्यांचे दिवे आईसारखेच तांबडे, म्हणजे त्याही गोळ्या चुकवत असणार. अवघड होतं दुसरं. उपास नाही, पण काम आहे, अशा बायका गोळ्या घेणाऱ्या होत्या. गोळी बंद केल्याशिवाय आकडा खरा दिसणार नव्हता. ती शमशादभाभी मुल्लांच्या घरी गेली. भाभी धुणीखोलीतल्या सगळ्यांत जुन्या.

“तीन दिवस गोळी सोडा म्हणतीस?” भाभी हसल्या. “अगं, त्या गोळीवर ठिपका हाय म्हणून मी पण इचारणार हुते कुणाला तरी, कुठल्या जनावराची हाय. मग म्हटलं औषध हाय, गिळावं गप. पंखं हुतं तवा दोन गोळ्या पडायच्या मला. आता सात पडत्यात. परवा सुई टोचली बोटाला, तर रगत थांबंना लवकर.”

ही गोष्ट तुम्हीही लक्षात ठेवा. ‘ई’ जीवनसत्त्व फार झालं तर रक्त गोठायला वेळ लागतो. चांगली गोष्टसुद्धा वाट्टेल तेवढी चालत नाही.

“तांबडा दिवा लागला तर साहेब रागावतील,” शर्वरी म्हणाली. खरं सांगून टाकलेलं बरं, असं तिला वाटलं.

“बावीस वर्सं झाली मला तिथं. रागावू दे की एकदा!” भाभी म्हणाल्या. आणि आपल्याबरोबर आणखी दोघींना तयार केलं.

आठव्या दिवशी चारही घरं भरली. रात्रीच्या जेवणाआधी शर्वरीनं ते पान आईपुढं ठेवलं. पाच दिवसांत दोघी कामापुरत्याच बोलल्या होत्या.

पूनमनं वाचलं. काम नाही, उपास नाही: साधारण बारा. नुसता उपास: पंचवीस. नुसतं काम: त्रेसष्ट. उपास आणि काम: ब्याऐंशी.

“शमशादभाभीचा त्रेसष्ट?” तिनं विचारलं. “तिचा तर कायम हिरवा असतोय.”

“गोळ्यांनी हिरवा. खोलीतल्या हवेनं तांबडा. गोळी ठिणगी विझवती आई, पण फोडायचं काम चालूच ऱ्हातंय की आत. आणि सर म्हणाले, त्या पाण्याचे फोडून झालेले तुकडे पण वाईट असत्यात. ते गोळीला दाद देत न्हाईत आणि फुंकणीला दिसत न्हाईत.”

पूनमनं पान जवळ ओढलं. मग तिनं बोट ब्याऐंशीवर ठेवलं. “हे दाखवायचं तर गोळ्यांचं पण सांगाय लागणार. मी घेतल्या न्हाईत म्हणून.”

“व्हय.”

“काम जाईल.”

शर्वरीनं पुन्हा पानाकडं पाहिलं. हे उत्तर तिच्या चार घरांत कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी चांदीच्या गावात हत्यारांची पूजा होते. कारखान्यात घरची माणसं बोलावतात, पोरांना पेढे देतात. लांब टेबलावर चिमटे, कानशी, हातोड्या झेंडू लावून मांडल्या होत्या, आणि शेवटी ओळीनं बारा फुंकण्या, त्यांनाही हळदकुंकू. मगदूमसाहेबांनी आरती केली, नारळ फोडला, आणि म्हणाले, “चला, अर्ध्या तासात कामाला लागू. दिवाळीचा माल आहे.”

“साहेब,” पूनम म्हणाली. आवाज कापरा होता, पण मोठा होता. “माझ्या पोरीला काहीतरी दाखवायचंय.”

शर्वरीनं पान टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. मुगाच्या वाट्यांपासून सांगितलं. साहेबांनी हसून ऐकलं, मग न हसता ऐकलं.

“छान केलंस बाळ. शाळेत बक्षीस मिळेल,” ते म्हणाले. “पण हे आकडे चूक आहेत. कामावरच्या बायका रोज गोळी घेतात. गोळी घेतल्यावर त्रेसष्ट, ब्याऐंशी असले आकडे येणार नाहीत.”

“गोळी घेतलेली न्हाई,” पूनम म्हणाली. तिनं पिशवीतून डबा काढला आणि हातोडीशेजारी उघडून ठेवला. “घटापासनं एकबी न्हाई.”

 साहेबांनी भिंतीवरच्या नियमाकडं बघितलं, मग तिच्याकडं. “पूनमबाई, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?”

“कळतोय.”

मागून कुणीतरी पुढं आलं. उपासाच्या पाच जणींतली थोरली, आक्काताई. तिनं फराळी चिवड्याचा डबा टेबलावर ठेवला. त्यात चिवडा नव्हता. मग दुसरीनं रुमालाची पुरचुंडी सोडली. तिसरीनं लोणच्याची बरणी. बघता बघता झेंडूच्या फुलांमध्ये मधाच्या रंगाचे सहा ढीग झाले, आणि बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

“तू पण व्हय गं?”

“आणि तू मला म्हणालीस, गिळ की, औषध हाय ते!”

“तू साहेबांना सांगशील ह्या धाकानं म्हणाले तसं.”

हसू आधी एकीला फुटलं, मग सगळ्यांना. साहेब मात्र हसले नाहीत. “हसण्यावारी नेऊ नका. उद्या उपास सुटला की गोळ्या सुरू करा. शाकाहारी कवचाच्या मागवतो, झालं? दिवे हिरवे होतील.”

“गोळी घेणार की साहेब,” शमशादभाभी म्हणाल्या. “गोळी चांगलीच हाय. पण ती पंख्याच्या जोडीला. पंख्याच्या जागी न्हाई.”

“पंख्यानं पूड उडते.”

“पंख्याला जाळी लावा, पूड जाळीत पडंल,” पूनम म्हणाली. “माझ्या काळजात उतरतंय ते कुठल्या जाळीत धरू?” काळीज म्हणजे यकृत, बकऱ्याचं घेताना आपण त्याला तेच म्हणतो.

साहेबांनी घड्याळ बघितलं. आवाज पुन्हा मऊ केला. “दिवाळीचा माल जाऊ द्या. मग बसून बोलू. आत चला सगळ्या. ज्यांना यायचं नसेल, त्यांनी आजच सांगा.”

धुणीखोलीला काचेचं सरकतं दार होतं. शेवटचं माणूस आत गेलं की ते आपोआप मिटायचं. बायका घुटमळल्या. दिवाळी तोंडावर होती, घरी वाट बघणारी माणसं होती. एक आत गेली. मग दुसरी. पूनम सगळ्यांत शेवटी, पान मुठीत चुरगळून.

दार मिटायला लागलं, आणि मधेच अडलं.

शर्वरी उंबऱ्यावर मांडी घालून बसली होती. दार तिच्या खांद्याला टेकलं, मागं गेलं, पुन्हा आलं, पुन्हा मागं गेलं. आतला गोडसर वास तिच्यावरून बाहेर अंगणात जायला लागला.

“ऊठ बाळ,” साहेब म्हणाले. “दार लागू दे.”

“आज शाळेला सुट्टी हाय.”

“पूनमबाई, पोरीला उचला.”

पूनमनं मागं वळून पाहिलं. मग मुठीतलं पान मांडीवर ठेवून सारखं केलं, मुलीच्या हातात दिलं आणि साखळ्यांची पहिली जुडी उचलली. बाकीच्या बायकांनीही हात चालू केले. कुणीच दाराकडं आलं नाही.

शर्वरीनं पान गुडघ्यावर ठेवलं. चार घरांच्या खाली तिनं पट्टीनं पाचवं घर आखलं. त्यात लिहिलं: काम आहे, उपास आहे, दार उघडं. पुढं वेळ टाकली, दहा वाजून वीस मिनिटं. आकड्याची जागा आईच्या फुंकरीसाठी रिकामी सोडली. मग हात लांबवून दाराजवळच्या टेबलावरच्या बारा फुंकण्यांतली आईची उचलली, फ्रॉकच्या कडेनं तिच्यावरचं हळदकुंकू पुसलं, आणि संध्याकाळपर्यंत वाट बघायला दाराला पाठ टेकून नीट बसली.